भोंगा गाडी मुकी झाली

आमच्या चिखला गावात दोन भोंगे होते. एक खाणीचा. तो पाळी बदलताना वाजायचा आणि त्याच्यावर अख्ख्या कॉलनीच्या चुली पेटायच्या, विझायच्या. दुसरा म्हणजे आमच्या बाबांची मोटार. खाणीचा भोंगा वेळेवर वाजे, आमच्याला काळवेळ नसे, एवढाच काय तो फरक. तुमसरहून येताना गाडीने गोबरवाही सोडलं की तिचं घुमणं आमच्या घरापर्यंत पोचायचं. आधी लांबून एक बारीक 'हूं', मग तो वाढत वाढत जायचा, आणि वळणावर बाबांनी पाय सैल केला की एकदम गप्प. माय तोपर्यंत भात उतरवून लाखोळीच्या डाळीला फोडणी देऊन मोकळी व्हायची. "आला तुमचा भोंगा," म्हणत ती ताट मांडायची आणि बाबा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत डाळीची वाफसुद्धा गेलेली नसायची. इतका ताजा जेवणारा माणूस कॉलनीत दुसरा नव्हता. सवाऱ्यांनाही सोय होती. रस्त्यावर येऊन ताटकळायला नको. घरात बसून आवाज ऐकायचा आणि मग गाठोडं उचलायचं.

गाडी काळी, गोल पाठीची, विलायती बनावटीची. शहापूरच्या एका मालगुजाराच्या घरची. मालगुजारी गेली, गाडी गोठ्यात गेली, आणि बाबांनी ती पाहिली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. कोंबडी उठेपर्यंत सौदा थांबला, असं बाबा सांगायचे. खरं-खोटं देव जाणे. आमच्या घरात देव नव्हता, त्यामुळे तपासायची सोय नव्हती. पण पुढे कित्येक दिवस त्या सीटखालून पिसं निघत हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाबांनी तिचं इंजिन खोलून पुन्हा बसवलं, पत्रा ठोकून सरळ केला, माझ्या मायने जुन्या सतरंजीची खोळ शिवली आणि गाडी लग्नाची वऱ्हाडं, बाळंतिणी, दवाखान्याचे पेशंट वाहायला लागली. आमच्या वस्तीत मोटारीचा मालक झालेला पहिला माणूस म्हणजे बाबा. चौदा एप्रिलला बाबासाहेबांचा फोटो याच गाडीवर चढायचा. मिरवणुकीत गाडी इतकी हळू चाले की घुमायची नाही, आणि लोक म्हणायचे, पाहा, तिलासुद्धा समजते.

त्याआधी बाबा खाणीत होते. खाली, जमिनीच्या पोटात, भोक पाडायच्या मशीनवर. एक दिवस ते वर आले आणि म्हणाले, उद्यापासून मी खाली जात नाही. का, ते सांगितलं नाही. "जीव घुसमटते," एवढंच. मायला कारण नकोच होतं, नवरा उजेडात राहतो यातच तिला सगळं आलं. पण त्या दिवसापासून आमच्या घराचं एक साधं गणित झालं, ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं: गाडी चालली तर बाबा वर. गाडी बसली तर बाबा पुन्हा खाली. म्हणून गाडीला जरा शिंक आली की माय कासावीस व्हायची.

आणि आता ती नुसती शिंकत नव्हती, ओरडत होती. ते घुमणं वर्षागणिक चढत गेलं. मी मॅट्रिक झाले त्या साली तर मागच्या सीटवरच्या माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. एका नवऱ्या मुलाने भर वरातीत उतरून बैलगाडी धरली.

बाबांना या आवाजाचं भारी कुतूहल, आणि ते त्यांनी माझ्यात पेरलं. घरी आले की विचारायचे, "सुमे, आज आवाज कसा येऊन राहिला, सांग बरं." मला वाटायचं ते माझी परीक्षा घेतात, गुरुजी पाढे विचारतात तशी. मी पास होण्यासाठी जीव टाकायची. म्हणायची, बाबा, चढावर घुमते, उतारावर घुमत नाही. बाबा, पाय दाबला की गळ्यातून ओरडते, सोडला की नाकातून कुरकुरते. ते डोळे बारीक करून माझ्या तोंडाकडे पाहत राहायचे. "अन्?" म्हणायचे. मी पुन्हा सांगायची. "अन्?" मग मी काहीतरी नवं शोधायलाच दारात जाऊन उभी राहायची. कान हे नुसतं उघडं भोक नाही, त्याला कामाला लावावं लागतं, हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही. आता या वयात माझ्याच कानात यंत्र बसलं आहे आणि ते लावून देणारी पोरगी विचारते, "आजी, आवाज कसा येतो?" तेव्हा मी इतकं लांबलचक सांगते की तिच्या पुढचे पेशंट घड्याळ बघायला लागतात.

गाडीच्या दुखण्यावर सल्ले देणाऱ्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणे चाकाचं बेरिंग, कोणी म्हणे टायर खराब, कोणी म्हणे मालगुजाराच्या बापाचा आत्मा. एक ट्रकवाला तुमसरच्या आरा मशीनपाशी भेटला, त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की मागच्या धुऱ्याच्या मधोमध जो लोखंडी भोपळा असतो, ज्याच्यात इंजिनाचा फेर दोन्ही चाकांना वाटून देणारे दातेरी चक्रं फिरतात, त्याच्या तेलात सागाचा भुसा टाका. भुसा दातांच्या मधे गादीसारखा बसतो. बाबांनी टाकला, मायने चाळणीने चाळून दिला. आणि खरंच, गाडी गप्प झाली. तेवढे दिवस आम्ही मोठ्या तोऱ्यात होतो.

पण त्याच दिवसांत बाबांचं काहीतरी बिघडलं. गिअर टाकताना दात करकरायला लागले. गिअर बदलायची वेळ झाली तरी बदलेनात, इंजिन आचके देईपर्यंत तसेच चालवत. गोबरवाहीच्या फाट्यावर एक बाई हात हलवून ओरडत होती, तिला तिथेच सोडून पुढे गेले. मागून ट्रक हॉर्न मारमारून थकला तरी बाजू दिली नाही आणि त्या ड्रायव्हरने पुढे येऊन आमच्या सात पिढ्या काढल्या. मग भुशाची गादी झिजली, घुमणं परत आलं, पहिल्यापेक्षा मोठं, आणि बाबांचा हात पुन्हा पहिल्यासारखा लोण्यासारखा चालायला लागला. मी हुशार पोरगी. मी अनुमान काढलं की भुशाने गिअर खराब होतात. मायला सांगितलं तर ती तांदूळ निवडत राहिली.

शेवटी आवाजात एक नवी खरखर मिसळली, तेव्हा बाबा म्हणाले लाखनीच्या खान मिस्त्रीकडे जावं लागेल. हायवेवर त्याचं गॅरेज होतं आणि ट्रकचे धुरे खोलण्यात त्याचा हातखंडा होता. दिवाळीनंतरचे दिवस, हलके धान कापून झालेले. जायच्या दिवशी मायने चिल्यांची, म्हणजे धिरड्यांची, आणि जवसाच्या चटणीची पुरचुंडी माझ्या हातात दिली, म्हणाली, "तू बी जाय बाबासंग. समोर बसजो. मागून गाडी आली का सांगत जाजो."

"काहून? आरसा हाये ना," मी म्हटलं.

"आरशाले तोंड नाही. तुले हाये. जाय."

खान मिस्त्री हा एक शांत, गोरा, दाढी रंगवलेला माणूस. गालात सदा सुपारी-तंबाखूचा खर्रा धरलेला, त्यामुळे बोलणं ओठ न उघडता. ऐकणाऱ्याने अंदाजाने समजून घ्यायचं. त्याने गाडीभोवती फेरी मारली, हेडलाइटवरून हात फिरवला, म्हणाला, "चलो, पहले इसका गाना सुनते." तो मागच्या सीटवर चक्क आडवा झाला, कान सीटला लावून. बाबा चालवत होते, मी शेजारी. हायवेला लागल्यावर गाडीने आपला सूर लावला.

"छोड," मागून मिस्त्री म्हणाला. म्हणजे पाय काढ.

बाबांनी काढला नाही.

"छोड ना भाऊ."

मला वाटलं खर्ऱ्यामुळे समजलं नसेल. मी म्हटलं, "बाबा, पाय सोडा म्हणते मिस्त्री." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सोडला. घुमणं बंद. "अब दबा." मी सांगितलं, त्यांनी दाबला. घुमणं सुरू. मग मिस्त्रीने गाडी रस्त्यावर डावी-उजवीकडे नागमोडी हाकायला सांगितली, आवाज तसाच राहिला. मिस्त्री उठून बसला. म्हणाला, बेरिंग चाकाचं नाही. चाकाचं असतं तर वळताना सूर बदलला असता, वजन एका बाजूला पडतं ना. आणि पाय काढल्यावर गप्प होते म्हणजे चक्राचे दात नीट बसत नाहीत. जोर लागला की घासतात. हे ऐकून मला इतका आनंद झाला की विचारू नका. मी इतकी वर्षं बाबांना जे सांगत होते, चढावर आणि उतारावर, तेच हे. म्हणजे आवाजाला अर्थ असतो, नुसतं ऐकून लोखंडाच्या पोटातलं कळतं.

गॅरेजमध्ये मागची चाकं जॅकवर उचलली, गाडी उभ्या उभ्या गिअरमध्ये फिरवली. मिस्त्रीने एक लांब पेचकस घेतला, त्याचं टोक त्या लोखंडी भोपळ्याला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मग माझ्या हातात दिला. मी ऐकलं. बाहेरून जे घुमणं वाटायचं, ते आत वेगळंच होतं, जात्यात खडा सापडल्यासारखं. बाबांनी माझ्याकडून पेचकस घेतला, टोक टेकवलं आणि मूठ कानाला न लावता दातांत धरली. डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"दातानं काहून आयकता, बाबा?" मी विचारलं. ते डोळे मिटूनच होते. मूठ काढल्यावर आपणहून म्हणाले, "लय झिजला हाये बिचारा." खान मिस्त्री त्यांच्याकडे बघत होता. मग माझ्याकडे बघितलं.

भोपळा उघडल्यावर पहिल्यांदा काय निघालं असेल तर आमचा भुसा. काळा, घट्ट, आंबिलीसारखा. मिस्त्रीने खर्रा थुंकला आणि बोटावर तो लगदा घेऊन बाबांच्या नाकासमोर धरला. "ये किस हकीम का नुस्खा है?"

"तुमसरच्या," बाबा म्हणाले.

"उसको मेरा सलाम बोलना. बेरिंग खा गया तुम्हारा."

सगळं रॉकेलने धुतलं. मग त्याने डबीतून शेंदूर काढला, तेलात कालवला आणि ब्रशने मोठ्या चक्राच्या दातांवर लावायला लागला. बाबा हसायला लागले. म्हणाले, "मिस्त्री, आमी घरातला शेंदूर बाहेर फेकला त्याले लय वर्ष झाले. अना तू पठाण होऊन गाडीले फासून राहिला." मिस्त्रीही हसला. म्हणाला हा शेंदूर पूजेचा नाही, साक्षीचा आहे. लहान चक्र फिरवलं की दात दातावर जिथे टेकतो तिथला रंग निघतो. खोटं बोलत नाही. मग त्याने मला चक्र फिरवायला सांगितलं आणि बॅटरी मारून दाखवलं. रंग दातांच्या अगदी शेंड्यावर पुसला गेला होता, बाकी सगळा दात लाल. "देख. ऊपर ऊपर से काम कर रहा है, सरकारी माफिक. पेट में बैठना मंगता." मागचं बेरिंग झिजल्यामुळे लहान चक्र थोडं मागे सरकलं होतं. त्याला पुढे ढकलायचं तर त्याच्या पाठीला पातळ चकती लावायची. किती जाड, हे कोणत्या पुस्तकात नव्हतं. लावून पाहायची, शेंदूर फासायचा, फिरवायचं, पाहायचं, पुन्हा खोलायचं.

ट्रकच्या जुन्या सामानात शोधून शोधून मिस्त्रीने मापाचं बेरिंग काढलं. चकत्या मात्र पितळी पत्र्यातून कापायच्या होत्या, आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण माझी बोटं बारीक. आयुष्यात पुढे मी पुष्कळ वर्षं भूमिती शिकवली, पण वर्तुळ म्हणजे काय हे मला त्या कात्रीने शिकवलं. पहिली चकती लावली, रंग शेंड्यावरून जरा खाली आला. दुसरी लावली, दाताच्या बुडाशी जाऊन बसला. जास्त झालं. मग मिस्त्रीने ती दगडावर घासून घासून पातळ केली. संध्याकाळी काम थांबवलं, त्याच्या घरी जेवलो, त्याच्या बायकोने मला मुलींत झोपवलं, सकाळी पुन्हा भोपळ्यापाशी. मला घरी जायची घाईच नव्हती. तो रंग दाताच्या पोटात कधी बसतो, एवढं एकच पाहायचं होतं.

तो बसला तेव्हा बाबा गाडीखाली वाकून बघत होते. प्रत्येक दाताच्या मधोमध एक स्वच्छ, लांबट डाग, एकसारखे. बाबांच्या चेहऱ्यावर मी इतकं निखळ समाधान क्वचित पाहिलं आहे. तेवढ्यात मिस्त्रीच्या हातून जॅकचा लोखंडी दांडा निसटला आणि बाबांच्या पाठीशी, फरशीवर आदळला. मी दचकून उभी राहिले. ट्रकखाली झोपलेलं कुत्रं पळालं. समोर चहा पिणारे दोघे कप हिंदकळवून इकडे बघायला लागले. बाबा मात्र तसेच, वाकलेले, दातांवरचे डाग पाहत, स्वतःशी हसत.

खान मिस्त्रीने दांडा उचलला. माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "कब से?"

मी बाबांच्या पाठीकडे पाहिलं. मला भीती वाटली, एकदम लहान पोरीसारखी भीती. माय चुलीपासून उठून बाबांच्या समोर येऊनच का बोलायची, पाठमोरी कधी का बोलायची नाही, हे मला आजवर रीतभात वाटत होतं. फाट्यावरची ती ओरडणारी बाई. हॉर्न देणारा ट्रक. रोजचं ते "आवाज कसा येऊन राहिला." मी परीक्षा देत होते, आणि परीक्षा घेणाऱ्याला उत्तर खरंच माहीत नव्हतं. आणि यातलं कोणालाही कळलं तर गाडी सुधारून उपयोग काय, बाबांच्या गाडीत कोण बसणार? माझ्या डोळ्यांसमोर खाणीचं तोंड आलं.

दुपारी निघालो. गाडी अशी चालत होती की टायरखाली खडी सरकल्याचा आवाज येत होता. मी तो आवाज या गाडीत जन्मात ऐकला नव्हता. मिस्त्री जिंकला होता, आणि बाबांचे हात स्टिअरिंगवर घट्ट होत चालले होते. गिअर टाकताना पुन्हा दात करकरले. भंडारा मागे टाकून मोहाडीच्या अलीकडे, एका तलावाच्या पाळीजवळ, त्यांनी गाडी कडेला घेतली.

"बंद पडली," ते म्हणाले.

इंजिन चालू होतं. मी त्यांना खाली उतरवलं आणि त्यांचा हात धरून बॉनेटवर ठेवला. पत्रा थरथरत होता. त्यांनी हात काढून घेतला आणि ते पायदानावर बसले. मी समोर जाऊन उभी राहिले, माय उभी राहायची तशी. त्यांना ते लक्षात आलं.

"तुले समजलं," ते म्हणाले.

"हाव."

"खानीत छत बोलते, सुमे," ते तलावाकडे पाहत सांगायला लागले. "लोखंडी सबलीनं ठोकलं का पक्कं असन तर टण्ण म्हनते. पोकळ असन तर डब् म्हनते. डब् म्हनलं का मागं सरायचं, पडनार म्हून समजायचं. ठोकनारा मी होतो. पोरं माह्या मागं उभे राहत. मी हाव म्हनलं तरच आत येत. एक दिवस ठोकलं. टण्ण बी नाही, डब् बी नाही. मशीननं कान खाल्ले होते ना, थोडे थोडे. मी वळून पोरांईच्या तोंडाकडे पाहिलं. त्याईचे तोंड पांढरे झाले होते, तवा मले समजलं का डब् होये. अना ते मी हाव म्हनायची वाट पाहून राहिले होते."

मी विचारलं, "मग तुमी गाडी कायले घेतली?"

"गाडी बोलत होती म्हून. बाकी काही आयकू नाही ये, पन ते घुमनं बुडाखालून चढे, पाठीतून, हातातून. किती घुमते त्याच्यावर मी गिअर टाको. मले वाटलं, ह्ये तरी मले आयकू येते." मग म्हणाले, "अना आता मीच पैसे देऊन तिचं तोंड बंद केलं."

ते रडले नाहीत. मी रडले. मग त्यांनी उपरण्याने माझं तोंड पुसलं आणि म्हणाले, सवाऱ्या आजपासून बंद. खालच्या पोरांचा जीव धोक्यात घातला नाही, वरच्यांचाही घालणार नाही. आज घरापर्यंत कसं जायचं तेवढं पाहू. आम्ही ठरवलं की माझा हात त्यांच्या गुडघ्यावर राहील. मागून गाडी आली तर एक चापट, हॉर्न मारत असेल तर दोन, गिअर बदलायची वेळ झाली तर चिमटा. तुमसरपर्यंत मी त्यांना इतके चिमटे काढले की माय नंतर दोन दिवस त्यांच्या गुडघ्याला हळद लावत होती. पण गिअर एकदाही करकरला नाही.

घरापाशी पोचलो तर कोणाला पत्ताच नाही. माय दाराकडे पाठ करून सुपात तांदूळ पाखडत होती, चुलीवर अजून भातही नव्हता. बाबांची सावली पडली तेव्हा दचकली. सूप खाली ठेवून तिने आधी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. "सांगितलं का यायनं?" तिने मला विचारलं. मी मान हलवली. ती उठली आणि डाळ चढवायला गेली, आणि पाठमोरी असताना म्हणाली, "बरं झालं. मी एकटीच किती वर्ष आयकू." ते फक्त मी ऐकलं.

बाबा पुन्हा खाली गेले नाहीत. त्या हिवाळ्यात मायच खाणीवर दगड निवडायला जायला लागली, आणि बाबांनी खाणीमागच्या माळावर मला गाडी शिकवायला घेतली. मला अठरावं लागलं होतं. ते शेजारी बसायचे, तळहात समोरच्या पत्र्यावर टेकवलेला. क्लच चुकला की मला कळायच्या आधी त्यांच्या हाताला कळायचं. लायसन्स मिळालं तेव्हा कॉलनीत बोलणारे बोलले, पोरगी मोटार हाकते, हिला कोण करणार. ज्याने केलं तो त्या गाडीतूनच वऱ्हाड घेऊन आला, पण ते असो. सवाऱ्यांची तक्रार वेगळीच होती. गाडी आल्याचं समजत नाही, गाठोडं आवरायला वेळ मिळत नाही. म्हणून गोबरवाही सोडलं की मी हॉर्न दाबून धरायची. गाडीचं नाव भोंगाच राहिलं.

बाबा अखेरपर्यंत माझ्या शेजारी बसत आले. आणि त्यांचा प्रश्न सुटला नाही. रिकामी गाडी घेऊन परत येताना, रस्ता मोकळा असला की ते माझ्या तोंडाकडे वळून विचारायचे, "सुमे, आवाज कसा येऊन राहिला?"

पहिल्यांदा मी म्हटलं, "काहीच नाही, बाबा."

"काहीच नाही म्हंजे कसा? ते सांग ना."

मला विचार करावा लागला. मग मी सांगितलं, की घुमणं गेल्यापासून बाकीचं ऐकू येतं. टायरखाली खडी सरकते. धानाच्या बांधीत बेडूक आहेत. मागच्या सीटवर कोणीतरी पितळी डबा विसरलं आहे, तो वळणावर किणकिणतो. लांब खाणीचा भोंगा होतो आहे, म्हणजे माय आता निघाली असेल.

"अन्?" बाबा म्हणाले.

मी काच खाली केली आणि ऐकू लागले.